गटारात न उतरलेला माणूस

न्यायालयातल्या यंत्रानं शेवंताबाईंना बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि दोन सेकंदांत त्यांचा दावा फेटाळला. पूर्वी याच कामाला वीस वर्षं लागायची. प्रगती नाही असं कोण म्हणेल?

"बाई, गटारात माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे," यंत्र अदबीनं म्हणालं. "तिथे आता रोबो उतरतात. त्यामुळे तुमचे पती तिथे वारले, हे शक्य नाही."

"अहो, तो रोबोच अडकला होता की गाळात! त्यालाच काढायला धाडलं ह्यांना."

"रोबो अडकल्याची नोंद आहे. त्याचे फार हाल झाले, त्याची चौकशीही चालू आहे. नव्या कायद्यानं तो कामगार आहे ना."

"आणि आमचे हे कोण?"

यंत्रानं सगळे रकाने पुन्हा तपासले. "त्यांच्यासाठी रकाना नाही, बाई."

"मला भरपाई नको. दाखल्यावर मरणाची जागा तेवढी खरी लिहा."

"जागा 'राहते घर' अशी लिहिली आहे. कायद्यात बसणारी तीच सर्वांत जवळची होती."

दाखला घेऊन शेवंताबाई बाहेर आल्या. दाराशी नवऱ्याचे मुकादम बेंद्रे उभे होते. माणूस भला, मयतीला खांदा द्यायलाही आला होता. त्यांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, रोबो अजून आतच आहे हो. धाकट्या दिरांना उद्या सकाळी सवड असेल का?"