अनोळखी बोका

"शी! आधी न्हाणीघराचं दार लाव. सगळ्या घरात घाण सुटलीय." बिर्गिटने स्वेटरची बाही नाकाला लावली. "मेल्याने पेटीतच मुतून ठेवलंय."

"घाबरलाय गं तो," प्रेबेन म्हणाला. बोक्याची पेटी त्याने बसने आणली होती. बसमध्ये शेजारचे लोक उठून मागे जाऊन बसले होते. बोका दिसायलाही ओंगळ. एक कान फाटका, डोळ्यांत चिपडं, आणि पिवळट फरला शिळ्या बिअरचा नि सिगरेटचा वास.

"प्राण्यांच्या आश्रयगृहात याच्याहून बरं काही नव्हतं?"

"हाच मिळाला," प्रेबेन खोटं बोलला.

बोका सोल्वायचा होता, त्यांच्या मुलीचा. आजीच्या वाढदिवसाला पिऊन आलेली सोल्वाय भरल्या टेबलावर ओकली, तेव्हा बिर्गिटने सगळ्या पाहुण्यांसमोर तिला सुनावलं होतं, "तुझ्या अंगाला घाण येते. या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस." त्यानंतर घरात तिचं नावही निघत नव्हतं. प्रेबेन मात्र दर गुरुवारी पोहायला जातो असं सांगून लेकीकडे जायचा. आज सकाळी ती दारू सोडवणाऱ्या केंद्रात दाखल झाली, तीही एकाच अटीवर. बोक्याला बाबांनी सांभाळायचं. बोक्याला हाकललं असं कळलं तर ती त्याच दिवशी बाहेर पडणार आणि आधी दुकान गाठणार, हे प्रेबेनला पक्कं ठाऊक होतं.

आता सगळं फ्रिडावर होतं. फ्रिडा म्हणजे घरची जुनी मांजर, बिर्गिटची लाडकी आणि बिर्गिटइतकीच तिखट नाकाची. परका वास आला की तिचा थयथयाट सुरू. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या बुटांवर ती फिस्कारली होती. शेजारणीचं पिल्लू चुकून आत आलं तेव्हा तिने पडदा ओरबाडून खाली आणला होता. आज तिने तसला तमाशा केला असता तर बिर्गिटने पेटी उचलून सरळ रस्त्यावर ठेवली असती. तिला निमित्तच हवं होतं.

प्रेबेनने रीतसर सुरुवात केली. दोन मांजरांची ओळख आधी वासाने करून द्यायची, तोंडं नंतर दाखवायची. त्याने जुना पायमोजा बोक्याच्या गालांवर घासला. त्याला चिपडं चिकटलं, हातात धरवेना. तो त्याने फ्रिडाच्या ताटलीखाली सरकवला, ताटलीत लिव्हरची पेस्ट वाढली आणि जीव मुठीत धरून उभा राहिला.

फ्रिडाने मोजा हुंगला. ती फिस्कारली नाही, तिची शेपूटही फुगली नाही. तिने पेस्ट चाटूनपुसून खाल्ली. मग न्हाणीघराच्या दाराशी जाऊन फटीतून बाहेर आलेल्या बोक्याच्या पंजाला नाक लावलं आणि तिथेच अंग टाकून पसरली.

प्रेबेन आधी खूश झाला. मग त्याचं धाबं दणाणलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. पण कसा? तो तर दर वेळी पोहण्याच्या तलावावर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी यायचा. इतकी काळजी घेऊनही कुठेतरी चुकलंच असणार.

बिर्गिट ओट्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. ते त्याला सोसवेना.

"गुरुवारी मी पोहायला जात नव्हतो," त्याने सांगून टाकलं. केंद्राचं सांगितलं, बोक्याच्या अटीचंही सांगितलं. बिर्गिटच्या चेहऱ्यावरची किळस तशीच होती.

"राहू दे गं याला," तो काकुळतीला आला. "तुला तिची शिसारी येते, मला कळतं. मलाही यायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा संडासाच्या दारातूनच मागे फिरलो होतो. जिकडेतिकडे वाळलेली ओकारी. पण ती सुधारतेय, बिर्गिट. आता घर कसं लख्ख असतं! भांडी घासलेली, चादरी धुतलेल्या. प्यायली तरी घर घासते. जिला स्वतःची घाण बघवत नाही, ती आज ना उद्या माणसात येतेच. त्या एका गोष्टीवर मी तग धरून आहे."

बिर्गिटने हातमोजे चढवले, बादली उचलली आणि न्हाणीघराचं दार उघडलं. बोका धावत तिच्या पायांत आला आणि तिच्या पोटरीला गाल घासू लागला. तिने त्याला ढकललं नाही. ओकारी आल्यासारखं तोंड करून ती लादी पुसायला बसली.

"ती कुठली घासतेय," ती मान वर न करता म्हणाली. "दर मंगळवारी मी जाऊन घासते."