खिशातला रोटर

अंगणात फियाट नव्हती.

तोतारामने सदऱ्याच्या खिशात हात घातला. रोटर तिथंच होता, रुमालात गुंडाळलेला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळी पट्टी. तो डिस्ट्रिब्युटरमध्ये नसला की सेल्फ नुसता फिरतो, प्लगपर्यंत ठिणगी जात नाही, गाडी सुरू होत नाही. गावाला जाताना तोताराम किल्ली खुंटीवर ठेवायचा आणि रोटर काढून न्यायचा. बारा वर्षं. मुलगा हेमराज गाडीची वाट लावेल, हे त्याचं ठरलेलं मत.

धुळ्याला बहिणीकडे आठवडा काढून तो परतला होता. घराला कुलूप.

"बठ्ठा चोर घरमाच शेतस!" तो ओट्यावरून गरजला. घरातलेच सगळे चोर ठरले.

शेजारची तानुबाई काही सांगायला उठली. त्याने हातानेच तिला बसवलं. मागच्या वर्षी सुनेचं बाळ दवाखान्यात पोचण्याआधी गेलं, तेव्हाही तो असाच धुळ्याला होता. परतल्यावर तानुबाईचं बोलणं त्याने एका शब्दात संपवलं होतं. नशीब.

फियाट वळणावरून आली. हेमराज चालवत होता. मागच्या सीटवर बायको शेवंताबाई आणि सून रूपाली.

तोतारामने मागच्या सीटकडे पाहिलंच नाही. बॉनेट उघडलं. बोटं भाजली तरी डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा काढल्या. आत नवा रोटर. डुप्लिकेट असणार, म्हणून त्याने तो काढून उन्हात धरला. तडा नव्हता. पितळ जाड होतं. खिशातला आपला रोटर त्याच्या शेजारी धरून पाहिला. आपल्याचीच कड जळाली होती. त्याचा राग आणखी चढला.

"कोनी लयना हाऊ?"

"मी." शेवंताबाई खाली उतरली. "तुमना भंगारमा फेकेल रोटर दुकानमा दखाडीसन जळगावथून लयना. चार दुकानं फिरनू."

"माले इचारं नही? एक फोन नही?"

"फोन करीसन काय व्हतं? रोटर फोनमाईन येता का?"

तिने रूपालीच्या मांडीवरचं दुपटं उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. आतून एक इवलीशी मूठ बाहेर आली.

तोताराम पुढे झाला आणि थांबला. दोन्ही हातांत रोटर होते.

"मागला साले तुम्ही नशीब म्हनेत," शेवंताबाई म्हणाली. "ते तुमना खिसामा व्हतं."