पोस्टमनचे संवाद

“फाईल वाचलीस?” तिने विचारलं.

“अक्षर न् अक्षर,” प्रोग्रामर म्हणाला.

“मग?”

“मग काय? एकही चूक नाही.”

ती “बरं” म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. अकरा महिने दर शुक्रवारी हेच चाललं होतं.

ऑफिसात तयार होत असलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं अख्खं गाव तिने लिहिलेलं. न्हावी, सुतारीण, पोस्टमन. प्रत्येकाचं वय, घर आणि संवाद एका लांबलचक फाईलमध्ये ओळीने मांडलेले. ती फाईल वाचणारा पायथन या संगणकभाषेतला प्रोग्राम मात्र याचा, आणि पठ्ठ्याला त्याचा कोण अभिमान! रिकाम्या ओळी काढून टाकायच्या, खेळाडूंना दिसू नयेत अशा # लावलेल्या टिपा गाळायच्या, उरलेलं पात्राच्या नावाखाली लावायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत चार हजार ओळी फस्त! फाईल स्वतः उघडून बघणं म्हणजे घरात वॉशिंग मशीन असताना कपडे हाताने धुणं, असं त्याचं मत.

ती त्याला आवडत होती. फार आवडत होती. पण बोलायची वेळ आली की हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसे. आणि आज तिचा इथला शेवटचा दिवस होता. सोमवारपासून दुसरं शहर, दुसरी नोकरी.

“अरे, आज नाही तर कधी विचारणार?” पात्रांचे चेहरे रंगवणारी चित्रकार शेजारून करवादली. “ती गेल्यावर बसशील हात चोळत.”

“तोंडाने नाही गं जमत.”

“मग लिही. तिचा धंदाच वाचण्या-लिहिण्याचा.”

कल्पना नामी होती. निघण्याआधी ती सगळे संवाद एकदा चालवून बघणार होती. पोस्टमनच्या तोंडी एकच ओळ घालायची: ‘सोमवारनंतरही भेटशील का?’ बस्स! इतके दिवस हे कसं सुचलं नाही? त्याला एकदम हलकं हलकं वाटलं. चक्क शीळ वाजवत त्याने घड्याळ पाहिलं. साडेपाच. तिची खुर्ची रिकामी होती. निरोप घेत फिरत असेल.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याने ती फाईल हाताने उघडली आणि पोस्टमन शोधला. संवादांच्या खाली टिपांची रांगच होती, प्रत्येक शुक्रवारची तारीख घातलेली.

# खाली चहाला येतोस?

# मागच्या वेळी आला नाहीस. काम असेल.

# हा लाजराबुजरा पोस्टमन तुझ्यावरूनच बेतलाय, कळलं ना?

शीळ थांबली. तो भराभर खाली गेला. शेवटची टीप आजची होती.

# सगळं वाचूनही तू काही बोलत नाहीस, म्हणून तर ही नोकरी सोडली. तरी आज सहापर्यंत खाली दारात थांबते.