तिलेकसारखे ॲक्सल

तिलेकने आपल्या जुन्या रशियन जीपला लष्करी ॲक्सल आणि उंच स्प्रिंगपाटे बसवले आणि इकडे शेजारच्या जेनिशची झोप उडाली. त्यात बायकोने, आयझादाने, तेल ओतलं. "अहो, तिलेकची गाडी बघा, पोट न भिजवता नदी पार करते. आपली मेंढीसारखी काठावरच अडते."

झालं! जेनिशने नारिन शहरातलं सगळं भंगार पिंजून काढलं. शेवटी भंगारवाल्या मारातकाकांकडे तसलीच एक जोडी मिळाली, पाट्यांसकट, जवळजवळ कोरी. काकांनी तिथल्या तिथे ती त्याच्या जीपला चढवली आणि त्याचे जुने बुटके ॲक्सल बदल्यात ठेवून घेतले. जेनिश वर चढून बसला. काय ती उंची!

"काका, असला माल विकणारा येडा कोण?"

"तुमचा तिलेक. कालच टाकून गेला."

"आँ? का?"

"बायको ऐकेना त्याची. म्हणे, या उंटावर बसून मणके खिळखिळे झाले, तिकडे आयझादा बघा कशी गाडीत गाढ झोपते. मला म्हणाला, काका, जेनिशसारखे ॲक्सल आले तर माझ्यासाठी ठेवा." काका जुने ॲक्सल फडक्याने पुसू लागले. "आता हे तुझेच देतो त्याला."

जेनिश वरून त्या पुसलेल्या ॲक्सलकडे टक लावून बघत राहिला. चांगला माल नेहमी तिलेकलाच कसा मिळतो, हेच त्याला कळेना.