अस्सल समंदर

दंतकथांतला, आगीत न जळणारा समंदर नावाचा जीव म्हणून एका सौदागराने विलायतेहून आणलेला ठिपकेदार, सरड्यासारखा प्राणी नवाबसाहेबांच्या देवडीत सादर केला. सगळी मंडळी वाहवा करू लागली. शाळेत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वामनराव देऊळगावकरांना त्या अडाणीपणाची किळस आली.

"हुजूर, हा साधा जीव आहे. जळून मरेल बिचारा," ते म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. समंदर निखाऱ्यांवर टाकला आणि बघता बघता त्याचा कोळसा झाला. वामनरावांनी सगळ्यांवरून तुच्छतेने नजर फिरवली. आता तरी या गाढवांचे डोळे उघडतील!



नवाबसाहेबांनी उठून त्यांची पाठ थोपटली. "मास्टरसाब, नकली माल आपने पहलेच पहचान लिया! अब असली समंदर आपइच लाना."