अर्धा फेरा मागे

नळी पुन्हा ठिबकत होती. बरोबर तिसरा शुक्रवार!

विल्फने परसातून मान वर करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. शेजारच्या डोरीनच्या छपराखालून माळ्यावरच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या फरशीवर पडत होतं.

"झालं! लागलं पुन्हा," तो स्वतःशीच पुटपुटला आणि पान्ह्यांची पिशवी शोधायला आत गेला.

तीन वर्षं हे असं चाललं होतं. डोरीनचा नवरा क्लिफर्ड म्हणजे जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. तो गेला, आणि त्याच हिवाळ्यात विल्फची बायको आयव्हीही गेली. पुढे दोन-चार महिन्यांत ही नळी गळायला लागली. विल्फने आयुष्यभर बस चालवलेली, पण क्लिफर्डची शिडी धरता धरता टाकीचं काम त्याला जमायला लागलं होतं. शेजारीण एकटी पडलेली, तिचा मुलगा नायजेल लांब ब्रिस्टलला. आपण नाही जायचं तर कोणी जायचं? विल्फची लेक जॅनिससुद्धा दर रविवारी फोनवर पहिलं हेच विचारायची, "बाबा, डोरीनकाकूंची टाकी काय म्हणतेय?"

आज मात्र तो मनाशी ठरवून निघाला होता. मागच्या खेपेला माळ्यावर जायच्या शिडीवर त्याच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला होता. दोन्ही हातांनी शिडी कवटाळून तो मिनिटभर तसाच लटकला होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपण इथून पडलो तर पुन्हा उठत नाही, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं होतं. जॅनिसला त्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. पण डोरीनला आज सरळ सांगून टाकायचं की बाई गं, मला आता हे झेपत नाही.

"आलास? मला वाटलं, आज ड्रायव्हरसाहेबांचीच बस चुकली," दार उघडत डोरीन म्हणाली. तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता.

"तुझा गुडघा पुन्हा दुखतोय वाटतं?"

"शुक्रवारी जरा जास्तच कुरकुरतो मेला. हवा कशी आहे बघ ना."

हवा चांगली कोरडी होती. विल्फ पाय पुसून आत आला. ओव्हनमधून रुबार्बच्या क्रम्बलचा, म्हणजे वर खुसखुशीत चुरा घालून भाजलेल्या गोडाचा, वास येत होता. रुबार्बचे ते आंबट देठ त्याला लहानपणापासून आवडत नसत. पण पहिल्या खेपेला त्याने भिडेखातर वाहवा केली, आणि तेव्हापासून दर वेळी क्रम्बल ठरलेलं.

ती इतकी खुशीत दिसली की त्याने सांगणं पुढे ढकललं. "आधी काम उरकतो," तो म्हणाला आणि देवाचं नाव घेऊन शिडी चढला.

टाकीच्या व्हॉल्व्हला क्लिफर्डने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून ठेवली होती: 'पूर्ण उघडा, मग अर्धा फेरा मागे. नाहीतर जाम होईल.' तो अर्धा फेरा विल्फ हटकून विसरायचा. घरी पोचल्यावर आठवायचं आणि स्वतःवर चिडायचा. पण पुढच्या खेपेला बघावं तर व्हॉल्व्ह बरोबर अर्धा फेरा मागे, आणि फिरतोय कसा, लोण्यासारखा. आपल्या डोक्यापेक्षा आपले हात शहाणे, असं म्हणून तो खूश व्हायचा.

त्याने पाणी बंद केलं आणि झाकण उचललं. बॉलकॉकच्या तरंगत्या गोळ्याचा पितळी दांडा पुन्हा वर वाकला होता, त्यामुळे पाणी नळीच्या तोंडाला लागेपर्यंत थांबत नव्हतं. जुनं पितळ, त्यात कुठला राहिलाय जोर, आपल्यासारखंच, विल्फच्या मनात आलं. त्याने पक्कडीने दांडा खाली वाकवला, सवयीने वॉशरही बदलला आणि पाणी सोडलं. उतरताना गुडघा लटपटला. आता मात्र बोलायचंच.

"डोरीन, तुला एक सांगायचं—"

"थांब, आधी माझं ऐक." ती तोंड पाडून बसली होती. "नायजेल काही ऐकायला तयार नाही रे. पुढच्या आठवड्यात नवा बॉयलर बसवतोय. मग सगळं पाणी थेट रस्त्याच्या नळातून येणार. टाकी काढून टाकतायत. तुला वाईट वाटेल म्हणून आठवडाभर बोलले नाही."

विल्फला इतकं हायसं वाटलं की चेहरा लपवायला त्याने पुढ्यातल्या क्रम्बलचा मोठा घास तोंडात कोंबला.

"अरेरे," तो म्हणाला. "चांगली टाकी होती."

"होती खरी."

"क्लिफर्डची आठवण."

"हं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तू काय सांगणार होतास?"

"काही नाही गं. क्रम्बल मस्त झालंय."

तिने लगेच आणखी वाढलं.

परसात आल्यावर विल्फने मोठ्ठा श्वास सोडला. सुटलो! आता ती शिडी नाही, आणि कुणाचं मन दुखवणंही नाही. पण बिचारी डोरीन, तिला आता करमणार कसं? अधूनमधून असंच चहाला येत जाऊ, त्याने ठरवलं. एवढ्यात त्याला आठवलं, टोपी खुर्चीवरच राहिली.

तो माघारी वळला. मागचं दार उघडंच होतं. डोरीन पाठमोरी उभी होती. फोन कानाला, उरलेलं क्रम्बल कचऱ्याच्या डब्यात ओतणं चाललेलं.

"हो गं जॅनिस, सांगितलं एकदाचं. चेहरा असा पडला बिचाऱ्याचा, घास गिळवेना! पण तू म्हणालीस, आई गेल्यापासून बाबा खुर्चीतून उठत नाहीत, त्यांना कामाला लावा, म्हणून लावलं की नाही? तीन वर्षं! दर तिसऱ्या शुक्रवारी पहाटे पक्कड घेऊन त्या शिडीवर चढायचं, दांडा वर वाकवायचा, त्याने विसरलेला अर्धा फेरा मागे घ्यायचा, आणि खाली येऊन हे रुबार्ब शिजवायचं, ज्याच्या वासानेच मला मळमळतं. नायजेल आपणहून कुठला बॉयलर बदलतोय! मीच त्याला हात जोडले, म्हटलं, बाबा रे, मी पडायच्या आत काढ ती टाकी."