कॅमेऱ्याचं चिन्ह

स्कॉटलंडच्या निसर्गरम्य रस्त्यांचा हा नकाशा तुम्ही इथे न येताच छापलात. आमचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून कोणी आलं तर बाजूला घ्यायला मोजक्या जागा. त्यातल्याच एका जागेवर कॅमेऱ्याचं चिन्ह काढलंत. मंगळवारी तिथे पाहुणे गाडी लावून, खुर्च्या मांडून चहा पीत होते. समोरून मासळीचा ट्रक आला आणि माझी बस अडकली. आत मर्डिनाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेल्या. पाहुण्यांनी पसारा आवरेपर्यंत हॉस्पिटलच्या गावी जाणारी बोट सुटली. पुढची तारीख आता एप्रिलात. बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय बघत होतात एवढं?" "समोरचं बेट! नकाशात लिहिलंय, इथे थांबाच." "माझं माहेर ते. धुकं समुद्रावर आहे, की माझ्याच डोळ्यांत?" ऊन लख्ख पडलं होतं. पाहुण्याने नकाशा मला दिला. बाई अजून विचारतात, चिन्ह काढणारा कुठे उभा होता? सांगा.